चारशे लाल तिसऱ्या

"पाचशे अठ्ठ्याण्णव, पाचशे नव्याण्णव, सहाशे."

निलांबरीने शिंपल्यांच्या ढिगातली शेवटची तिसरी बादलीत टाकली आणि चिखलाने माखलेले हात तसेच हवेत धरून माझ्याकडे पाहिलं. "सर, एकही नाही."

"एकही काय नाही?"

"एकही लाल नाही. सहाशेत शून्य."

"सर, मला मोजू द्या," दादू म्हणाला. "ही घाईघाईत मोजते. गणितात पण हिचे हातचे राहतात."

"तुझे राहतात. मी तुला दाखवते तेव्हा बरोबर येतं."

दादूने बादली फडक्यावर उपडी केली. खाडीच्या पाण्यात एकेक तिसरी विसळायची, दोन्ही बाजूंनी उलटसुलट बघायची आणि दुसऱ्या बादलीत टाकायची, असा त्याचा क्रम सुरू झाला. ओहोटी संपत आली होती. पाणी वाळूच्या पट्ट्याच्या कडेला चाटू लागलं होतं. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा होतो, आणि खरं सांगायचं तर त्याच्याबरोबर मीही मनातल्या मनात मोजत होतो.

दादू चारशेपर्यंत आला आणि थांबला. "बारक्या बारक्या आहेत सगळ्या," तो पुटपुटला. पुन्हा मोजू लागला. सहाशेवर आल्यावर त्याने काही विनोद केला नाही. दादूने विनोद केला नाही म्हणजे गोष्ट गंभीर होती.

ही गोष्ट सत्तावीस वर्षांपूर्वीची. मी सांगली भागातला माणूस, कोकणातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आलो होतो. खाडीची ओळख पुस्तकातून. निलांबरी राऊळ आणि दत्तप्रसाद शिरसाट, म्हणजे दादू, ही दोघं बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. निलांबरी घाटाखालच्या डोंगरगावातली, समुद्र तिने कॉलेजला आल्यावर पहिल्यांदा जवळून बघितला. दादूच्या वडिलांचा बाजारात फोटो स्टुडिओ. तिघांपैकी एकाच्याही घरात कधी कोणी चिखलात उतरून तिसऱ्या काढल्या नव्हत्या. हे आधीच सांगून ठेवतो.

नोव्हेंबरात एकदा तास संपल्यावर निलांबरी टेबलाशी येऊन उभी राहिली होती. "सर, खाजणवाडीच्या खाडीत तिसऱ्या किती असतील?"

"कशाला गं?"

"मेसमध्ये मावशी म्हणत होत्या, आता पूर्वीसारख्या मिळत नाहीत. मी म्हटलं, पूर्वी किती होत्या? त्या म्हणाल्या, खूप. आता किती? म्हणाल्या, कमी. खूप आणि कमी म्हणजे किती ते कोणालाच माहीत नाही."

असा प्रश्न घेऊन मूल आलं की मला त्या दिवशी जेवण लागत नाही. मी प्रयोगशाळेतून वाळलेल्या वाटाण्यांची बरणी आणली. "यात किती आहेत? मोजायचे नाहीत."

"मग कसं सांगणार?"

"वीस काढ. शाईने निळे कर. परत टाक आणि बरणी हलव. खूप हलव." तिने दोन्ही हातांनी बरणी हलवली. "आता न बघता तीस काढ. निळे किती?"

"तीन."

"तिसात तीन. म्हणजे दहात एक निळा. बरणीत निळे एकूण वीस आहेत. मग वाटाणे किती?"

तिचे ओठ हलले. "दोनशे?"

"मोज."

तिने खाली बसून सगळे मोजले. दोनशे आठ निघाले. तिने मान वर केली तेव्हाचा तिचा चेहरा मला आजही दिसतो. जादू बघितल्यासारखा नव्हता तो. जादू कशी करतात ते कळल्यासारखा होता.

तर खाडीचीही बरणीच करायची असं ठरलं. खाजणवाडीसमोर ओहोटीला उघडा पडणारा वाळू-चिखलाचा एक पट्टा आहे. त्यावरच्या चारशे मोठ्या तिसऱ्या काढायच्या, शिंपल्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, पुन्हा तिथेच पेरायच्या, आठ दिवस तिकडे फिरकायचं नाही आणि मग दुसऱ्यांदा वेचून लाल किती निघतात ते बघायचं. नेलपॉलिश आणण्याचं काम दादूकडे. अकरा बाटल्या एकदम मागितल्यावर दुकानदाराने विचारलं, "लग्न कोणाचं रे?" दादू म्हणाला, "चारशे नवऱ्या आहेत काका, अजून मुहूर्त निघायचाय."

विद्यापीठाची विद्यार्थी संशोधन स्पर्धा मार्चच्या पहिल्या शनिवारी होती. निवडलेल्या मुलांना मे महिन्यात एका सागरी संशोधन संस्थेत काम करायला मिळणार होतं. निलांबरीने त्या संस्थेचं माहितीपत्रक वहीला कव्हर म्हणून घातलं होतं. सूक्ष्मदर्शकापाशी बसलेल्या मुलीचा फोटो बरोबर वरच्या बाजूला येईल असं.

आणि स्पर्धेच्या आधीच्या सोमवारी आमच्या हातात होतं शून्य.

त्या दुपारी आम्ही प्रयोगशाळेत बसलो. "रंग निघून गेला असेल," दादू म्हणाला. पण आम्ही तीस रंगवलेल्या तिसऱ्या खाडीच्या पाण्यात टाकून प्रयोगशाळेतच काचेच्या टाकीत ठेवल्या होत्या. निलांबरीने काच पुसली. तीसही लाल, झळझळीत.

"मेल्या असतील."

"मग लाल शिंपले तरी मिळाले असते," ती म्हणाली. "शिंपले कुठे जाणार?"

"खोल गेल्या असतील."

"कोपरापर्यंत खणलं आपण. आणि नुसत्या लालच खोल जातील होय? लाजून?"

एकेक शक्यता फळ्यावर लिहायची आणि खोडायची. चार वाजेपर्यंत फळा कोरा झाला. अहवाल शुक्रवारपर्यंत टंकलेखन होऊन तयार हवा होता. आमच्या कॉलेजचा प्रकल्प अंतिम फेरीला पहिल्यांदाच गेला होता. मी खुर्ची ओढून निलांबरीजवळ बसलो आणि जे म्हणालो ते माझ्याच तोंडचं होतं, म्हणून तसंच सांगतो.

"हे बघ, पद्धत तुमची बरोबर आहे. नमुना कुठेतरी चुकला. सहाशेत आठेक तरी निघायला हव्या होत्या. आपण आठ धरू. आकडा येईल, आलेख येईल. मे महिन्यात तिथे गेलीस की नीट पुन्हा कर."

दादू माझ्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. निलांबरी उठली. तिने वही दप्तरात घातली, आणि खाडीच्या चिखलाचे सुकलेले पापुद्रे टेबलावरून ओंजळीत गोळा करून बाहेर टाकून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजच्या फाटकाशी पोचलो तर ती उभी. रात्रभर रडलेली असावी, डोळे सुजलेले होते. तिने वही उघडून समोर धरली.

"सर, मी शून्य लिहिलंय. शाईने. आता खोडता येणार नाही."

मी त्या शून्याकडे बघितलं. "मग शनिवारी काय सांगणार?"

"शून्य सांगेन. पण का ते सांगायला हवं ना? सर, काल रात्री माझ्या डोक्यात आलं. त्या पट्ट्यावर रोज बायका उतरतात. आपण चार महिने तिसऱ्यांचा अभ्यास करतोय आणि त्यांना काही विचारलंच नाही. एकदासुद्धा."

साडेआठची एसटी पकडून आम्ही तिघं खाजणवाडीला गेलो.

खाडीकाठच्या पायवाटेवर पहिलं घर शेवंतीकाकींचं. साठीच्या असतील. अंगणात बसून कोयत्याने तिसऱ्या फोडत होत्या. शेजारी त्यांची सून. आम्हाला बघून काकींनी कोयता खाली ठेवला आणि कमरेवर हात ठेवून जोरात हसल्या.

"इलास काय गे चेडवा? मी म्हटलंय, आता सोडून दिल्यान वाटता पोरांनी!"

"काकी, आमच्या तिसऱ्या..." निलांबरीने सुरुवात केली.

"त्या नखा रंगवलेल्यो?"

आम्ही तिघं एकदम पुढे सरकलो. "तुम्ही बघितल्यात?" मी विचारलं.

"बघूक काय झाला? आठ दिस तेच करतंव. चला, दाखयतंय."

घराच्या मागे बांधाला लागून त्यांनी दगडांची एक गोल कोंडी रचली होती. भरतीचं पाणी फटींतून आत येई, ओहोटीला थोडं साचून राही. काकी पदर खोचून खाली वाकल्या आणि त्यांनी तळाची ओंजळ भरून वर काढली. पाणी निथळलं. लाल. सगळ्या लाल.

दादू पाण्यात बसलाच. पँटसकट. "सर! सर, सगळ्या आहेत!"

"अठरा कोडी नि अकरा," काकी म्हणाल्या. खाडीत सगळं विसांच्या कोडीत मोजतात. "बाकीच्यो गावल्यो नाय. तुमचा आसा ता तुमका. मोजून घेवा."

अठरा कोडी म्हणजे तीनशे साठ, आणि अकरा. चारशेपैकी तीनशे एकाहत्तर.

"पण काकी, तुम्ही का गोळा केल्यात?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी विचारलं, जेवताना हात का धुता. सुनेनेच सांगितलं. खाडीत कोणी आपला ढीग पट्ट्यावर ठेवून गेली तर त्यावर काडी खोचते, चिंधी बांधते. खुणेच्या मालाला कोणी हात लावत नाही. वाहून गेला तर ज्यांना सापडेल त्या गोळा करून मालकिणीला नेऊन देतात. यांच्या सासूच्या सासूपासून हेच चालत आलंय.

"आमका वाटला," काकी म्हणाल्या, "कॉलेजातली पोरां, चिखलात चालूची सवय नाय, पाटी कलंडली असतली. लाल खूण केलली, म्हणजे मालक हत. म्हणान सगळ्या जणींनी मिळान गोळा केलव. नि तुमी काल इलास, खणल्यात, नि आमका न इचारता तश्येच पळालास! माका एवढो राग इलो."

दादू पाण्यात बसून खदाखदा हसत होता. "सर, आपला प्रयोग प्रामाणिकपणाने बुडाला!"

मीही हसलो. कालपासून छातीवर असलेलं ओझं उतरलं असं वाटलं. निदान शून्य का, ते तरी कळलं. शनिवारी एक चांगला किस्सा सांगता येईल, पुढच्या वर्षी पुन्हा करू, असं काहीतरी मी बोलायला लागलो. निलांबरी हसत नव्हती. तिने कोंडीतली एक तिसरी उचलून तळहातावर ठेवली होती, आणि तिचे ओठ हलत होते. ते ओठ मी ओळखत होतो.

"काकी," ती हळूच म्हणाली, "या तुम्हाला वेगळ्या वेचाव्या लागल्या का? लाल दिसतात म्हणून?"

"चिखलात खयचो लाल नि खयचो काळो? हाताक लागता ता काढतंव. धुतल्यार कळता."

"म्हणजे जशा बाकीच्या मिळाल्या तशाच या मिळाल्या."

"तश्योच."

"आणि एकूण किती काढल्यात? या आठ दिवसांत?"

"सहा जणी. एकेकीची रोज एक पाटी."

"एका पाटीत किती?"

"पंचवीस कोडी. खच्चून भरली तर वायच जास्त."

"सर," निलांबरीचा आवाज चढला, "सर, ही बरणी आहे!"

"काय?"

"आपण तीस वाटाणे काढले होते ना? यांनी चोवीस हजार काढलेत!"

मी तिथेच बांधावर बसलो. सहा बायका, आठ दिवस, रोज पाचशे. चोवीस हजार. त्यात तीनशे एकाहत्तर लाल. आम्ही दुसऱ्यांदा सहाशे वेचून आकडा काढणार होतो, आणि या बायकांनी चोवीस हजार वेचून, त्यातली एकेक लाल तिसरी बाजूला काढून, मोजून ठेवली होती. एवढा मोठा, एवढा चोख नमुना आमच्या सात पिढ्यांना मिळाला नसता.

"एक मिनिट," दादू पाण्यातून उठला. आता तो गंभीर झाला होता. "मग आपल्या सहाशेत एकही का नाही?"

"तूच म्हणालास," ती म्हणाली. "बारक्या बारक्या आहेत सगळ्या. आपण रंगवल्या त्या मोठ्या. काकी पण मोठ्याच काढतात. ना काकी?"

"बारक्यो रवांदेत. त्या कशाक काढूच्यो?"

"मोठ्या जवळजवळ संपल्या होत्या, दादू! आपण उरलेल्या बारक्या वेचत बसलो!"

काठीने तिने तिथेच ओल्या वाळूत गणित मांडलं. चोवीस हजार गुणिले चारशे, भागिले तीनशे एकाहत्तर. दादूने आपलं वेगळं मांडलं, दोघांचं जुळलं. पट्ट्यावरच्या मोठ्या तिसऱ्या सव्वीस हजारांच्या आत-बाहेर. त्यांतल्या चोवीस हजार आठ दिवसांत वेचून झाल्या होत्या. मी एका पाटीतल्या तिसऱ्या स्वतः मोजून बघितल्या. पंचवीस कोडी आणि चार.

मग निलांबरीने काठी खाली ठेवली. वाळूतला आकडा आणि काकी, असं आळीपाळीने बघू लागली. तिला काय सांगायचंय ते मला कळलं, आणि ते सांगणं किती अवघड आहे तेही.

"काकी, राग मानू नका," ती म्हणाली. "या हिशोबाने... त्या पट्ट्यावर मोठ्या तिसऱ्या आता जवळपास उरल्याच नाहीत. शंभरातल्या सात राहिल्या असतील."

काकींनी तिच्याकडे निवांत बघितलं. "ता आमका ठावक आसा गे. हाताक कळता. म्हणान तर कालपासना आमी पलीकडच्या पट्ट्यार जातंव. हय आता दोन म्हयने कोणी पाय घालूचो नाय. मे म्हयन्यात बघूया."

"दोनच महिने का?"

"दोन म्हयन्यांत बारक्यो मोठ्यो होतत."

"किती होतात?"

काकी पहिल्यांदा अडल्या. सुनेकडे बघितलं. "किती म्हणजे? भरपूर होतत."

निलांबरीने वही काढली आणि शून्याच्या खाली, त्याच शाईने, नवीन ओळ सुरू केली.

शनिवारी विद्यापीठात चाळीस प्रकल्प होते. रंगीत तक्ते, थर्माकोलची मॉडेलं, इंग्रजीतली भाषणं. आमच्या तक्त्यावर वर मोठं शून्य आणि त्याच्या खाली सहा बायकांची नावं होती. एका परीक्षकाने घड्याळ बघत म्हटलं, "म्हणजे तुमचा मूळ प्रयोग फसला."

"हो सर, फसला," निलांबरी म्हणाली. "म्हणूनच उत्तर मिळालं." आणि तिने सांगायला सुरुवात केली. दादू मध्येमध्ये काकींची नक्कल करत होता. सातव्या मिनिटाला तक्त्याभोवती दुसऱ्या प्रकल्पांची मुलं जमली होती. परीक्षकांनी घड्याळ पुन्हा बघितलं नाही.

बक्षीस मिळालं नाही. तिसरं एका थर्माकोलच्या हृदयाला गेलं. निलांबरी टाळ्या वाजवत होती, पण वहीचं कव्हर तिने उलटं करून घेतलं होतं, फोटो आत जाईल असं.

आम्ही तक्ता गुंडाळत होतो तेव्हा परीक्षकांपैकी डॉ. अरगडे आले. ते त्याच सागरी संस्थेचे. आधी माझ्याकडे वळले. "सर, अभिनंदन. मुलांना हुशारी शिकवता येते. शून्य लिहायला शिकवणं फार कठीण."

दादूने माझ्याकडे बघितलं नाही. निलांबरी तर दोरीची गाठ मारण्यात अगदी गुंतून गेली. दोघांनीही मला वाचवायचं ठरवलं होतं.

"ते मी शिकवलं नाही," मी म्हणालो. "मी हिला आठ लिहायला सांगितलं होतं."

अकरा वर्षांच्या नोकरीत मी विद्यार्थ्यांसमोर एवढं सरळ वाक्य कधी बोललो नव्हतो. अरगडे सावकाश मान हलवून निलांबरीकडे वळले.

"बक्षीस ठरवणारे आम्ही तिघे होतो. पण संस्थेतली जागा मी ठरवतो. तू मे महिन्यात ये. पूर्ण महिना."

दादूने "येस!" म्हणून तक्ता खाली पाडला. मी डोळे मिटले. आणि तिचा आवाज आला.

"सर, मे नको."

"काय?"

"मे महिन्यात त्या बायका पुन्हा पट्ट्यावर उतरणार. दोन महिन्यांत किती वाढल्या ते मोजायचंय. मी काकींना शब्द दिलाय. त्यांनाही आता तो आकडा हवाय." ती घाईने बोलत होती, थांबली तर धीर सुटेल अशी. "जूनमध्ये चालेल का?"

"जूनमध्ये माझ्याकडे जागा नसते."

तिने मान खाली घातली. पुन्हा वर केली. "मग राहू दे सर."

दादूने तिला चिमटा काढला, मला तो स्पष्ट दिसला.  अरगड्यांनी खिशातून डायरी काढली, पानं उलटली.

"मे महिन्यात मोठी ओहोटी कधी आहे तुमच्याकडे?"

"अमावास्येला सर. सकाळी सहाच्या सुमाराला."

"दोन दिवस पुरतील?" ते लिहीत होते. "मी येतो. माझी दोन मुलं घेऊन येतो, मोजायला माणसं लागतील. तुझा मे महिना तिथेच, खाडीत. तो संस्थेचाच धरू." त्यांनी पेन थांबवलं. "गमबूट आणावे लागतील ना?"

"नको सर, बूट नको," निलांबरी म्हणाली, आणि तिच्या सबंध चेहऱ्यावर हसू पसरलं. "अनवाणीच या. काकी म्हणतात, तिसरी आधी पायाला कळते."

अरगड्यांनी तेही लिहून घेतलं.